जानेवारीकाकांचा नेम

चर्चच्या फाटकाला लागून दोन खुर्च्यांचं एक सलून आहे. त्याच्या मालकाला सगळी मंडळी 'जानेवारी' म्हणते. वयाचा मान राखायचा म्हणून पुढे 'काका' जोडतात, तेवढीच दयामाया. चर्चचे पाळकसाहेब तर उपदेशात सोडून बाकी सगळीकडे त्यांची थट्टा करतात. खुर्चीत बसून मानेला टॉवेल गुंडाळला की खुशाल विचारतात, "काय जानेवारी, यंदा कुठवर पोचलात?" काका कात्री उगाच दोनदा हवेत कचकच वाजवतात आणि "मान सरळ ठेवा," असं म्हणून वेळ मारून नेतात.

नाव पडलं त्याचं कारण असं. नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत साक्ष द्यायला कोण उभं राहतंय, असं पाळकसाहेबांनी विचारायचा अवकाश, की काका उभे. "यंदा मी संपूर्ण शास्त्र, अख्खं बायबल, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढणार. रोज पहाटे उठणार. रोज गुडघे टेकणार." मंडळी 'आमेन' म्हणायची आणि बाकांवरून एकमेकांना कोपरखळ्या मारायची. कारण हेच शब्द, याच कोटात, याच खांबापाशी उभं राहून काका गेली कित्येक वर्षं बोलत होते.

आणि जानेवारी खरोखरच झोकात जायचा! पहिलं पुस्तक म्हणजे काय विचारता. जगाची निर्मिती, प्रलय, भावाभावांची भांडणं, स्वप्नं, दुष्काळ. काका दाढी करता करता ते असे रंगवून सांगत, की गालाला फेस फासलेली गिऱ्हाइकं "मग पुढं काय झालं?" म्हणून डोकं वर काढत आणि काकांना वस्तरा मागे घ्यावा लागे. दुसऱ्या पुस्तकात समुद्र दुभंगायचा तोवर काका स्वतःच तरंगत असत. मग देवाच्या मंडपाची मापं सुरू व्हायची, चाल जरा मंदावायची. आणि तिसऱ्या पुस्तकात याजकांचे नियम आले की आटोपलंच. कोणत्या बळीचे गुरदे, म्हणजे मूत्रपिंडं, काढायचे, कोणती चरबी कुठे जाळायची, रक्त कोणत्या बाजूला शिंपडायचं. दर वर्षी काकांचं घोडं इथेच पेंड खायचं. त्यांचं शास्त्र बाजूने बघितलंत तर सुरुवातीची बोटभर पानं तेलापावडरीच्या हातांनी काळपट झालेली दिसतील, आणि पुढची सगळी दुकानातून कालच आणल्यासारखी पांढरीशुभ्र.

नुसतं वाचनच नव्हे. उपासाचा वार धरला होता, तो एका गिऱ्हाइकाच्या वाढदिवसाच्या केकने दुपारच्या आत मोडला. गायनमंडळात शिरले, ते दुसऱ्या सरावाला घसा बसला म्हणून बाहेर आले. पहाटे उठण्यासाठी मोठ्या घंटेचं घड्याळ आणलं, तर त्याने अख्खी चाळ जागी व्हायची आणि काका तेवढे घोरत राहायचे. वरच्या मजल्यावरचा फिटर म्हणायचा, "काका, तुमच्यामुळे माझी प्रार्थना नियमित झाली. रोज पहाटे देवाला विनवतो, की ह्या माणसाला एकदाची जाग येऊ दे."

लोक हसायचे आणि काकाही त्यांच्यात हसायचे. पण त्यांना ढोंगी समजू नका हं. दर वर्षी ते उभे राहायचे ते मनापासून, आणि फेब्रुवारीत मागे फिरायचे तेव्हा सगळ्यात जास्त वाईट वाटायचं ते त्यांनाच. दुकान बंद करताना ते खुर्च्यांवरचे केस झाडत आणि मनात म्हणत, प्रभू, मी असाच रे. मग पुढचे दहा महिने ते देवाला जरा चुकवूनच वागत, पुढच्या जानेवारीपर्यंत.

काकूंचं सगळंच वेगळं. त्या एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायच्या. सकाळी चहाचं आधण ठेवलं की पाणी उकळेपर्यंत ओट्याशी उभ्या राहून डोळे मिटायच्या. ओठ हलायचे. पाणी उकळलं की 'आमेन' आणि चहापत्ती. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी चुकवलं नाही आणि कधी कुणाला सांगितलंही नाही. काकांना ती प्रार्थना वाटायचीच नाही. ते म्हणायचे, "अगं, देवाशी बोलायचं तर जरा बैठक नको का?" काकू म्हणायच्या, "तुम्ही बैठक घाला. तोवर मी चहा करते."

असं सगळं बरं चाललेलं असताना हेडमास्तरांना अर्धांगाचा झटका आला.

हेडमास्तर म्हणजे निवृत्त झालेले, पण अजून सगळ्यांचे 'सर'. अर्धी मंडळी त्यांच्या हाताखालून शिकून गेलेली, त्यात काकाही. चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचं काम वर्षानुवर्षं सरांकडे. आवाज असा, की मागच्या बाकावर डुलक्या काढणारा माणूससुद्धा आपलं नाव पुकारल्यासारखा दचकून बसायचा. झटक्याने त्यांचं उजवं अंग गेलं. पाय हळूहळू वळणावर आला, काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालू लागले. पण उजवा हात लुळा राहिला, तोंड एका बाजूला ओघळलं आणि तो आवाज गेला तो गेलाच. समजत सगळं होतं. बोलायला गेलं की घशातून नुसती घरघर.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई येऊ लागल्या. तरुण, हसऱ्या, अगदी प्रेमळ. त्या म्हणायच्या, "चला सर, आता 'आ' म्हणायचं. मोठा आऽऽ करायचा. मग ई. मग गाल फुगवायचे." ज्या माणसाने तीन पिढ्यांना मुळाक्षरं शिकवली, त्याला कुणी 'आ' म्हणायला सांगावं? सरांनी एकदा त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी हातातला आरसा खाली ठेवून दिला. मग सरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बाईंनी सरांच्या मुलीला जिन्यात गाठून स्पष्ट सांगितलं. वाचा परत यायची असेल तर ती पहिल्या काही महिन्यांतच येते. हे महिने असे भिंतीकडे बघत घालवले, तर पुढे फारशी आशा धरू नका.

मुलगी पोस्टात कामाला होती. आई मागेच गेलेली, घरात ही दोघंच. तिने विनवलं, रागावली, रडलीसुद्धा. सर भिंतीकडे बघत राहिले. दाढी वाढली. ती करायला जो जवळ जाईल त्याचा हात सर डाव्या हाताने झिडकारायचे. शेवटी तिने काकांना बोलावलं, कारण सरांची दाढी गेली कित्येक वर्षं तेच करत होते.

काका आपली पेटी घेऊन गेले. गरम पाण्यात टॉवेल पिळला, सरांच्या तोंडावर ठेवला, फेस घोटला. सरांनी हात झिडकारला नाही. डावा गाल झटपट झाला. उजव्या गालाशी मात्र गाडं अडलं. कातडी सैल पडलेली. वस्तरा टेकवला की ती त्याच्याबरोबर सरकत होती. अशा वेळी कुठलाही सलूनवाला जे म्हणेल तेच काका म्हणाले.

"सर, गाल फुगवा."

सरांनी डोळे वटारले. काका वस्तरा उघडा धरून थांबले. "फुगवा, सर. नाहीतर कापेल. मग मला ओरडायचं तर तुम्हाला येणार नाही, आणि मला तुमचं ओरडणं ऐकल्याशिवाय करमणार नाही."

मग हळूच डावा गाल फुगला, आणि उजवा जरासा, अगदी जरासा. हवा ओठाच्या कोपऱ्यातून फुस्स करून निसटली. "परत," काका म्हणाले. परत फुस्स. दाढी संपेपर्यंत सरांनी गाल कितीदा फुगवला कुणास ठाऊक. दारात उभ्या राहिलेल्या मुलीने तोंडावर हात दाबून धरला होता.

जिन्यात तिने काकांना थांबवलं. "काका, तुम्ही रोज याल का?"

काकांना 'रोज' या शब्दाची धास्ती होती. ते पेटीचं कुलूप उगाच चाचपत राहिले.

"मला माहितेय तुम्हाला काय म्हणतात ते," ती म्हणाली. तिला लपवाछपवी जमायची नाही. "पण बाबा दुसऱ्या कुणाला जवळ येऊच देत नाहीत. माझ्यापुढे दुसरा इलाज नाही."

हे ऐकून दुसरा माणूस खट्टू झाला असता. काका मात्र काका होते. त्यांना एकदम स्फुरण चढलं. "नुसती दाढी काय करायची, पोरी! रोज दाढी करीन आणि रोज एक अध्याय वाचून दाखवीन. पहिल्या पानापासून."

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा काकूंनी भाजी चिरता चिरता विचारलं, "महिना कोणता चाललाय?"

"जुलै."

"मग जमेलही कदाचित," काकू म्हणाल्या.

सुरुवात अर्थातच झोकात झाली. सकाळी दुकान उघडायच्या आधी काका जायचे. फेस, वस्तरा, गाल फुगवा, परत फुगवा, मग तुरटी, मग खुर्ची ओढून एक अध्याय. सर डोळे मिटून ऐकायचे. काका मधेच पुस्तक मांडीवर ठेवून आपल्या पदरचं सांगू लागले, तर सर डाव्या हाताचं बोट पानावर आपटायचे. म्हणजे, जे लिहिलंय ते वाच. शाळेत असतानाही काकांच्या निबंधांवर त्यांचा हाच आक्षेप होता.

आणि मग तिसरं पुस्तक आलं. पहिल्या अध्यायाला काकांनी दम धरला. दुसऱ्याला जांभया आल्या. तिसऱ्या दिवशी गुरदे आणि चरबी बघून त्यांनी एक शक्कल लढवली. आजारी माणूस, डोळे मिटलेले, त्याला काय कळतंय? चिमटीत बरीचशी पानं धरून त्यांनी अलगद उलटली आणि जणू काही झालंच नाही अशा सुरात भलतीकडूनच वाचायला लागले.

सरांचा डावा हात पलंगावर दाणकन आपटला.

काका दचकून थांबले. सरांचा चेहरा लाल झालेला. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताठलेल्या. घरघर झाली, पुन्हा झाली, आणि मग त्या वाकड्या तोंडातून एक शब्द बाहेर पडला. "मा… गे!"

स्वयंपाकघरात कपबशी फुटल्याचा आवाज आला. मुलगी धावत आली आणि वडिलांच्या पायांना मिठी मारून रडायलाच लागली. काका मात्र चोरी पकडली गेलेल्या पोरासारखे बसून राहिले. सगळ्यांना आनंद झाला, त्यांनाही झाला, पण अशी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. देवाने चमत्कार करायचा तर तो आपल्या लबाडीवर करायचा होता का? त्यांनी निमूट पानं मागे उलटली.

तो अध्याय वाचून झाल्यावर त्यांनी न राहवून विचारलं, "सर, खरं सांगा. हे तुम्हाला तरी आवडतं का?"

सरांनी छताकडे बघितलं. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी हळूच मान हलवली. नाही.

काका उडालेच! "म्हणजे तुम्हालाही कंटाळा येतो?"

सरांनी होकार दिला. काकांना इतकं हलकं वाटलं, की ते खुर्चीवरून उठून खोलीत दोन येरझाऱ्या घालून आले. आजवर त्यांची समजूत अशी, की बाकीच्या मंडळीला शास्त्र गोड लागतं, प्रार्थना आपोआप सुचते, आणि जे काही कमी आहे ते फक्त आपल्यातच. "मग ऐका सर," ते म्हणाले, "आपण सौदा करू. तुम्हाला आ-ई-ऊचा कंटाळा, मला या गुरद्यांचा कंटाळा. आधी तुम्ही तुमचं करायचं, मग मी माझं करणार. तुम्ही केलं नाही तर मी वाचणार नाही. मी पानं चोरली तर तुम्ही आपटा हात."

सरांनी डावा हात पुढे केला. काकांनी तो पावडरीच्या हाताने धरला.

दुसऱ्या दिवसापासून व्यायामाच्या बाईंना हायसं वाटलं. त्या आल्या की सर आधीच 'आ' करून बसलेले असत, फक्त चेहरा कडू औषध घेतल्यासारखा. काकांनाही एक नवीच गोष्ट उमगत होती. आजवर ते मन भरून येण्याची वाट बघायचे. मन भरून आलं की प्रार्थना, नाही आलं की नाही. इथे तशी वाट बघत बसलं तर सरांच्या गालावरचा साबण वाळायचा. म्हणून मन असो नसो, ते जायचे. आणि गंमत म्हणजे, जिना चढताना नसलेलं मन उतरताना बऱ्याचदा असायचं.

मग एके दिवशी कातडीच्या रोगांचा तो भलामोठा अध्याय निघाला. चट्टे, खपल्या, पांढरे केस, पिवळे केस. काका नेटाने वाचत होते. वाचता वाचता थबकले. तीच ओळ पुन्हा वाचली. डोळे मोठे झाले.

"सर! इथे टकलाबद्दल लिहिलंय!"

सरांनी डोळे उघडले. सरांचं डोकं तळहातासारखं गुळगुळीत होतं, हे सांगायचं राहिलंच.

"ज्याचे डोक्याचे केस गेले तो टकला, पण तो शुद्धच आहे म्हणे! आणि समोरून गेले असतील तरी शुद्धच! मोशेच्या नियमात टकलांची सोय आहे आणि मला कुणी बोललं नाही! अहो, मी दुकानात लोकांना केस उगवायची तेलं विकतोय! काय तोंड दाखवू आता?"

सरांच्या छातीतून काहीतरी खदखदत वर आलं. काकांना आधी वाटलं ठसका लागला, ते पाणी आणायला उठले. पण ते हसू होतं. वाकडं, एका बाजूने सांडणारं, मोडक्या आवाजातलं, पण पोटातून आलेलं हसू. सर आपल्या टकलावरून डावा हात फिरवत होते आणि हसत होते. पुढच्या अध्यायात बऱ्या झालेल्या माणसाने डोकं, दाढी, भुवया सगळं सफाचट करावं असं निघालं, तेव्हा तर काकांनी "हे गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवा" म्हणून आरोळी ठोकली. त्या आठवड्यात दुकानात आलेल्या प्रत्येक टकल्या माणसाला त्यांनी शुद्धतेचा दाखला दिला. पाळकसाहेबांना म्हणाले, "इतकी वर्षं मी उंबरठ्यावरून परत फिरत होतो हो. दोन पावलं पुढे माझ्याच धंद्याचं सगळं ठेवलेलं होतं."

आता इथे गोष्ट संपवली तर सगळेच खूश होतील. पण तसं घडलं नाही.

सरांना शब्द येऊ लागले. पाणी, चहा, नको, बस, मुलीचं लाडाचं नाव. आणि तिथेच गाडी अडून राहिली. दोन शब्द जोडायला गेले की जीभ अडखळायची. सर घामाघूम व्हायचे, वाक्य काही व्हायचं नाही. बाई म्हणाल्या, असं होतं, नेटाने करत राहायचं, अजून वेळ हातात आहे, पण फार नाही. वाचनात चौथं पुस्तक लागलं होतं. तिथे काय, नुसती नावं. अमक्याचा मुलगा तमका, त्याच्या वंशातले इतके, त्यांचा तळ या बाजूला. हसण्यासारखं काही नाही, रडण्यासारखंही नाही. काका वाचायचे, सर ऐकायचे, दोघं एकमेकांकडे न बघता निरोप घ्यायचे.

एका सकाळी लग्नाच्या वऱ्हाडातले बाप्ये दुकानाबाहेर उभे राहिले. काकांनी सरांकडे निरोप धाडला, आज जमणार नाही. कारण खरं होतं. दुसऱ्या दिवशी घसा खवखवत होता. तेही निम्मं खरं होतं. तिसऱ्या दिवशी काहीच कारण नव्हतं. काका पेटी घेऊन निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले, आणि सरांची खिडकी दिसल्यावर परत फिरले. त्यानंतर तर ते मागच्या गल्लीने दुकानात जाऊ लागले.

लोकांना वाटतं, नेम मोडतो तो आळसाने. आळसाने एकच दिवस मोडतो हो. पुढचे दिवस मोडतात ते लाजेने. काकांचं तसंच झालं. सर कशाला बोलतील, त्यांना बोलताच येत नाही, पण ते बघतील ना! ती नजर डोळ्यांपुढे आली की काकांची पावलं मागच्या गल्लीकडे वळायची.

"घसा बरा झाला का?" काकूंनी विचारलं.

"झाला."

"मग सरांकडे का जात नाही?"

"आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

"ज्या तोंडाने रोज जात होता त्याच," काकू म्हणाल्या. "दुसरं कुठे आहे तुमच्याकडे?"

काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "मी म्हणतो, नवं वर्ष आलंच आहे. जानेवारीपासून पुन्हा नव्याने सुरुवात करतो. पहिल्या पानापासून. नीट."

काकूंनी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. एरवी त्या थट्टा करायच्या, आज केली नाही. "तुम्हाला दर वर्षी जानेवारी मिळतो," त्या म्हणाल्या. "सरांच्या जिभेला किती मिळणार?"

तो चहा काकांना गेला नाही.

शनिवारी दुकान गच्च भरलं होतं. एका खुर्चीत पाळकसाहेब, अर्धं डोकं कापलेलं आणि अर्धं तसंच. बाकावर फिटर आणि आणखी चारपाच जण. गप्पांना ऊत आला होता. आणि सगळे एकदम गप्प झाले. काकांनी आरशात बघितलं.

दारात सर उभे होते. एका हाताला काठी, दुसऱ्या बाजूने मुलीने धरलेलं. झटका आल्यापासून ते पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, कारण दुसऱ्या कुणाच्या हाताला गाल लावायला ते तयार नव्हते. पायरी चढताना त्यांचा तोल गेला. फिटर उठला, पण सरांनी मान हलवली आणि स्वतःच चढले. रिकाम्या खुर्चीपाशी आले, हळूहळू बसले, आणि काठी मांडीवर आडवी ठेवली.

काकांच्या हातातली कात्री तशीच राहिली. जे ऐकायचं होतं ते सगळ्यांदेखत ऐकावं लागणार होतं. त्यांनी ठरवलं, आधी आपणच बोलून टाकावं.

"सर, माझं चुकलं," ते म्हणाले. "मी तुम्हाला शब्द दिला होता आणि…"

सरांनी डावा हात वर केला. वर्गात गडबड थांबवायला करायचे तसाच. काका थांबले. आरशातून सर त्यांच्याकडे बघत होते, पण काकांना जिची भीती होती ती ही नजर नव्हती. सरांचे ओठ हलले. घरघर झाली. कपाळावर घाम आला. पाळकसाहेब पुढे झुकले, मुलीने दोन्ही हात घट्ट जुळवले.

"मी… पण…" सर म्हणाले.

थांबले. पुन्हा तोंड उघडलं.

"मी पण… दांडी… मारली."

कुणाला काही उमगेना. मग मुलगी रडतहसत म्हणाली, "काका, तुम्ही यायचे थांबलात ना, त्या दिवसापासून बाबांनी आ केलं नाही की ई केलं नाही. बाई येऊन परत जातात. आज सकाळी स्वतःच बूट मागितले."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्या माणसाच्या पावलांच्या आवाजाने अख्खी शाळा चिडीचूप व्हायची, तो लंगडत इथवर आला होता. तेही जाब विचारायला नव्हे, तर आपणही तसेच आहोत हे सांगायला. आणि ते सांगता सांगता त्याने झटक्यानंतरचं आपलं पहिलं पुरं वाक्य बोलून टाकलं होतं. काकांना आधी हसू फुटलं. मग ते हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. तो पाळकसाहेबांचा टॉवेल होता, त्यावरचे सगळे केस काकांच्या नाकाला चिकटले.

"मग सर," काका शिंकत म्हणाले, "आता छडी कुणी कुणाला मारायची?"

सरांनी थोडा विचार केला. ओठांची चांगली बाजू वर गेली.

"वाच," ते म्हणाले.

पाळकसाहेबांनी अर्ध्या डोक्यानिशी खिशातून आपलं छोटं शास्त्र काढून पुढे केलं. काकांनी ते उघडलं. पहिल्या पानाकडे बोट गेलं, थांबलं, आणि मग सरळ त्या नावांच्या जंजाळात उतरलं, जिथे ते दोघे रस्ता सोडून पळाले होते. अमक्याचा मुलगा तमका, त्याच्या वंशातले इतके. बाकावरची माणसं कान देऊन ऐकत होती, आणि सर डोळे मिटून, ओठ हलवत, एकेक नाव काकांच्या मागोमाग म्हणून बघत होते.